पुढच्या भागाचा मानपान

ऑक्टोबर. पान उलटा. नोव्हेंबर. पान उलटा. डिसेंबर. जानेवारी. 'न्यू मून' या कादंबरीत अशी चार पानं लागोपाठ येतात. प्रत्येकावर महिन्याचं नाव तेवढं छापलेलं, बाकी सगळं कोरं. नायक नायिकेला सोडून गेलेला आहे आणि त्या चार महिन्यांत तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, असा त्या कोरेपणाचा अर्थ. २००६ साली पुस्तक आलं तेव्हा या पानांपाशी वाचकांचे दोन पंथ झाले. पहिल्या पंथाचं म्हणणं, अख्ख्या पुस्तकात ही चार पानं सगळ्यात उत्तम जमली आहेत. दुसऱ्या पंथाचं म्हणणंही अगदी हेच. फक्त पहिला पंथ हे बोलताना डोळे पुसत असे.

ज्यांच्या घरात २००५ ते २०१२ या काळात तेरा ते एकोणीस वयाचं कोणी नव्हतं, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. स्टेफनी मेयर या ॲरिझोनातल्या गृहिणी, तीन लहान मुलांची आई. २ जून २००३ ला त्यांना स्वप्न पडलं. एका माळावर एक साधी मुलगी आणि उन्हात चमचम करणारा एक देखणा व्हॅम्पायर बोलत उभे आहेत. मेयरबाईंनी ते लिहून काढलं आणि साधारण तीन महिन्यांत कादंबरी हातावेगळी केली. ऊन टाळणारे व्हॅम्पायर राहणार कुठे, म्हणून त्यांनी अमेरिकेत सगळ्यात जास्त पाऊस कुठे पडतो ते इंटरनेटवर शोधलं. वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स हे तीनेक हजार वस्तीचं गाव सापडलं. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रत्नागिरीकराला यात काहीच विशेष वाटणार नाही, पण त्याच्याकडे ओलाव्याने भिंतीला बुरशी येते, व्हॅम्पायर येत नाहीत.

नायक एडवर्ड कलन. जन्म १९०१, आणि १९१८ साली शिकागोत स्पॅनिश फ्लूने मरायला टेकलेला असताना त्याला व्हॅम्पायर करून वाचवलेलं. म्हणजे वय कायमचं सतरा, लग्न झालेलं नाही. आपल्याकडच्या शास्त्रात अशा मुलाला मुंजा म्हणतात आणि त्याची सोय पिंपळावर होते. अमेरिकेत त्याला चंदेरी व्होल्व्हो मिळते. त्याचं कुटुंब माणसांचं रक्त पीत नाही, अस्वलं आणि हरणं यांच्यावर भागवतं आणि स्वतःला शाकाहारी म्हणवतं. हा दावा ऐकल्यावर चातुर्मासात बिनअंड्याचा केक चालतो का, हा वाद फारच सात्त्विक वाटू लागतो.

तर हे पहिलं पुस्तक, 'ट्वायलाइट', २००५ च्या ऑक्टोबरात आलं, मुलींनी ते रात्र रात्र जागून वाचलं, आणि मग त्या पुढच्या भागाची वाट पाहू लागल्या. सगळं त्रांगडं या वाट पाहण्यात आहे. पहिला भाग वाचताना वाचक पाहुणा असतो. वाढतील ते मुकाट्याने खातो. पुढचा भाग येईपर्यंत तो घरचा झालेला असतो, आणि घरच्या माणसाला मीठ कमी आहे हे पहिल्या घासाआधीच कळलेलं असतं. मधल्या वर्षभरात त्याने मनातल्या मनात स्वतःचा दुसरा भाग लिहून, वाचून, त्यावर खूश होऊन घेतलेलं असतं. लेखिकेचा भाग मागाहून येतो. म्हणजे तो सवतच ठरतो.

'न्यू मून' या दुसऱ्या भागाविषयी तक्रार अशी होती की यात नायकच नाही. नायिकेच्या अठराव्या वाढदिवशी, १३ सप्टेंबरला, भेटवस्तूचा कागद उघडताना तिचं बोट कापतं, रक्ताचा थेंब येतो, एडवर्डच्या भावाचा तोल सुटतो. एडवर्डला वाटतं, आपल्यामुळे हिचा जीव धोक्यात आहे. म्हणून तो जंगलात नेऊन तिला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम नाही, आणि जातो. यानंतर तो थेट शेवटी, इटलीत भेटतो. मधली कित्येक पानं नायिका संकटात उडी घालायला निमित्तं शोधते, कारण जीव धोक्यात घातला की तिला कानात त्याचा आवाज ऐकू येतो. संगीत नाटकात पहिल्या अंकानंतर गाणारा नायक घरी गेला आणि मधले अंक नायिकेने त्याच्या आठवणीत मोटारसायकल चालवली, तर प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे मागितले असते. इथेही वाचकांचा राग तसाच होता. फरक इतकाच, की पुस्तक खाली कोणी ठेवलं नाही. एडवर्ड कधी येतो हे बघायला पानं भराभर उलटायची, आणि मग पुस्तक फार रेंगाळतं अशी तक्रार करायची.

त्या रिकाम्या जागेत जेकब ब्लॅक घुसला. गॅरेजमध्ये मोटारसायकली दुरुस्त करणारा, हसरा, अंगात ताप असावा तसा उबदार, आणि पुढे लांडग्याचं रूप घेणारा. मेयरबाईंनी सांगून ठेवलंय की मुळात हे पात्र केवळ नायिकेला कलन मंडळींचं गुपित कळावं एवढ्यापुरतं रचलेलं होतं. निरोप्याचं काम. पण त्यांच्या एजंटला आणि संपादिकेला तो आवडला आणि त्याचा मुक्काम वाढला. निरोप घेऊन आलेला मुलगा चहाला थांबला, जेवायला थांबला आणि घरातली निम्मी माणसं म्हणू लागली, अहो, हाच बघा ना, काय वाईट आहे!

इथून 'टीम एडवर्ड' आणि 'टीम जेकब' असे उघड तट पडले. टी-शर्ट छापले गेले. मुलींच्या आया आधी, मुलगी काय वाचते ते तपासायला म्हणून, पुस्तक हातात घेत आणि मग ते मुलीला परत मिळत नसे. 'ट्वायलाइट मॉम्स' नावाचा गटच निघाला. एकाच घरात आई जेकबची आणि मुलगी एडवर्डची, असं झालं की बाबा निमूटपणे आपलं ताट उचलून टीव्हीसमोर जात असणार. वाचकांची ही चढाओढ सिनेमापर्यंत पोचली. 'न्यू मून'मधला जेकब झपाट्याने वाढतो, म्हणून पहिल्या सिनेमातल्या टेलर लॉटनरला बदलून दुसरा नट घ्यायचा विचार चालू होता. त्या पोराने व्यायाम करून तेरा-चौदा किलो वजन वाढवलं, सगळं स्नायूंचं, आणि भूमिका राखली. वाचकांच्या मतांचं वजन किती असतं हे बहुधा इथेच पहिल्यांदा किलोत मोजता आलं.

या सगळ्या गदारोळात एका मंडळींचं मत घ्यायचं राहूनच गेलं. जेकब ज्या क्विल्यूट जमातीचा दाखवलाय ती जमात खरीच आहे. फोर्क्सजवळ समुद्रकाठी ला पुश इथे ती राहते, आणि लांडग्यांपासून माणसं घडवली गेल्याची तिची उत्पत्तिकथाही खरी आहे. पुस्तकातला रक्तपिपासूंशी झालेला तह मात्र मेयरबाईंचा. आपल्या पूर्वजांच्या गोष्टीत ही भानगड कधी शिरली हे त्या मंडळींना टी-शर्ट घालून आलेल्या पर्यटक मुलींकडून कळलं. पुढे सिॲटलच्या बर्क संग्रहालयाने क्विल्यूटांच्या साहाय्याने खरं काय, खोटं काय हे मांडलं. गावकऱ्यांची खरी काळजी निराळीच होती. वस्ती त्सुनामीच्या पट्ट्यात, आणि ती उंचावर न्यायला जमीन हवी. त्यासाठीचा कायदा अमेरिकी संसदेत २०१२ मध्ये झाला. त्यात ना एडवर्डचा उल्लेख आहे, ना जेकबचा.

पण 'न्यू मून'वरची नाराजी ही नुसती मुंज म्हणावी. लग्न २००८ साली लागलं.

'एक्लिप्स' हा तिसरा भाग ऑगस्ट २००७ मध्ये येऊन गेला होता. नायिकेने एडवर्डला होकार दिला होता आणि चौथ्या, शेवटच्या भागाला जवळजवळ एक वर्ष होतं. वर्षभर रिकाम्या असलेल्या लाखो मुलींच्या हाती एक ठरलेलं लग्न सोपवण्यासारखी धोक्याची गोष्ट दुसरी नाही. प्रत्येकीने आपापला हॉल धरला, आहेर ठरवला, जेकबसाठी एखादी बरी मुलगी पाहिली. कित्येकींनी आपापली आवृत्ती खरोखरच लिहिली. त्या जातीच्या लिखाणातून पुढे एका इंग्रज बाईंची 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे' ही कादंबरी निघाली, नावं बदलून, दातही बदलून. तेव्हा वाचक नुसत्याच बडबडतात असं कोणी समजू नये.

शनिवारी, २ ऑगस्ट २००८ ला, मध्यरात्रीच्या ठोक्याला अमेरिकेत 'ब्रेकिंग डॉन'ची विक्री सुरू झाली. दुकानं रात्री उघडी, रांगेत मुली नटूनथटून, काही चक्क नवरीच्या पोशाखात. पहिल्याच दिवशी तेरा लाख प्रती खपल्या. किंमत २२ डॉलर ९९ सेंट, पानं साडेसातशेच्या वर. मुखपृष्ठावर बुद्धिबळाचा पट, पुढे पांढरा वजीर, मागे लाल प्यादं. मुली पहाटेपर्यंत वाचत बसल्या, आणि रविवार संध्याकाळपर्यंत हवा पालटली.

पहिला घोळ बारशाचा. नायिका आणि एडवर्ड यांना मुलगी होते आणि तिचं नाव ठेवतात रेनेस्मी. आईची आई रेने आणि बाबांची आई एझ्मी, दोघींची नावं जोडून. मधलं नाव कार्ली, कारण आजोबा कार्लाइल आणि चार्ली. दोन्हीकडच्या व्याह्यांचा मानपान सांभाळायचा हा उपाय आपल्याकडे लागू केला तर इंदुमती आणि कुसुम यांच्या नातीला जन्मभर 'इंदुसुम' म्हणून हाक मारावी लागेल. वाचकांनी हे नाव ऐकून कपाळाला हात लावला. गंमत अशी की पुस्तकातल्या जेकबलाही ते जड जातं आणि तो तिला नेसी म्हणू लागतो. लॉख नेसच्या राक्षसाचं नाव आपल्या लेकीला दिलं म्हणून नायिका त्याच्या अंगावर धावून जाते. म्हणजे वाचकांची तक्रार लेखिकेला आधीच ठाऊक होती. तिने ती मान्य करून फाइलला लावून टाकली होती.

दुसरा घोळ मोठा. हाच जेकब त्या तान्ह्या मुलीकडे बघतो आणि लांडग्यांच्या रीतीप्रमाणे त्याचं आयुष्य तिच्याशी बांधलं जातं. पुस्तक घाईघाईने समजावतं की ती मोठी होईपर्यंत तो भावासारखाच राहील, आणि ती सात वर्षांतच मोठी होणार आहे. जेकबच्या बाजूने दोन वर्षं भांडलेल्या मुलींना पाळण्यातच ठरलेली ही सोयरीक बघून शिसारी आली, आणि ती रास्तच होती. आपल्या पणज्यांनी हे पुस्तक वाचलं असतं तर त्यांना कथानक ओळखीचं वाटलं असतं, आणि पुढे नात काय म्हणते तेही.

मग शास्त्राची बाजू. मृत माणसाला मूल कसं होईल? मेयरबाईंनी आधी एकदा व्हॅम्पायर स्त्रियांना मूल होत नाही असं सांगितलेलं होतं. ते उत्तर वाचकांनी वकिलाच्या बारकाईने पुन्हा तपासलं. त्यात पुरुषांविषयी काही म्हटलेलंच नव्हतं, आणि ते मुद्दामच म्हटलेलं नव्हतं. कादंबरीत डॉक्टर कार्लाइल गुणसूत्रांचा हिशेब देतात: माणसाच्या तेवीस जोड्या, लांडग्यांच्या चोवीस, व्हॅम्पायरच्या पंचवीस, आणि बाळाच्या चोवीस. सरासरी काढल्यासारखा. वास्तविक चमचमणारं प्रेत ज्यांनी विनातक्रार स्वीकारलं त्यांनी गुणसूत्रांपाशी अडून बसायचं कारण नव्हतं. परंतु वऱ्हाडी नेहमी कोशिंबिरीवरच अडून बसतात.

तिसरी तक्रार लढाईची. शे-दोनशे पानं तयारी चालते. इटलीतल्या व्होल्टेरा शहरातून व्होल्तुरी नावाचं व्हॅम्पायरांचं जुनंजाणतं घराणं याच बाळावरून फौज घेऊन येतं. (मेयरबाईंनी आधी शहराचं नाव कल्पनेनेच रचलं होतं. नकाशात पाहिलं तर जवळपास त्याच नावाचं शहर टस्कनीत हजर.) दोन्ही बाजू बर्फात समोरासमोर उभ्या राहतात. देशोदेशीचे मित्र जमलेले, कोणी हातातून वीज काढणारी, कोणी पंचमहाभूतं हलवणारा. आणि काय होतं? साक्षी होतात. दक्षिण अमेरिकेतून एक अर्धमानव साक्षीदार आणला जातो, तो जबाब देतो, पाहुणे समाधानाने घरी जातात. महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली होती, दुसऱ्याच वर्षी आलेल्या या पुस्तकाला तिचं बक्षीस द्यायला हरकत नव्हती. मुखपृष्ठावरचा पट बघून पैसे मोजलेल्या मुलींना आत डाव बरोबरीत सुटल्याचं कळलं.

आणि मग हाक निघाली: पुस्तक परत करा. पुस्तक जाळणं वाईट, ते हुकूमशहांचं काम. तेव्हा निषेध म्हणून दुकानात नेऊन परत द्या आणि पैसे मागा. या मोहिमेच्या बातम्या झाल्या. साडेसातशे पानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून परत करण्यात पंगत उठल्यावर केळीचं पान वाढप्याच्या हातात देऊन जिलेबी परत घ्या म्हणण्यासारखं काहीतरी आहे. मात्र हेही कबूल करायला हवं की ज्याला पुस्तकाचं काही देणंघेणं नाही तो माणूस बावीस डॉलरसाठी दुकानापर्यंत गाडी काढत नाही. तो ते रद्दीत टाकतो. परत करायला जाणाऱ्या मुली रुसलेल्या होत्या, आणि रुसायला नातं लागतं.

लेखिकेने ऐकलं नाही. सिनेमावाल्यांनी ऐकलं. २०१२ च्या नोव्हेंबरात शेवटचा सिनेमा आला तेव्हा पुस्तक पाठ असलेली मंडळी निवांत बसली होती. आता साक्षीपुरावे होणार आणि घरी जायचं. आणि पडद्यावर एकदम व्होल्तुरींचा प्रमुख डॉक्टर कार्लाइलचं मुंडकं हातात धरून उभा! थिएटरं किंचाळली. त्यानंतर मिनिटांमागून मिनिटं लाडकी पात्रं पटापट मरत होती, जमीन दुभंगत होती, लांडगे आत पडत होते. पुस्तक न वाचलेल्या नवऱ्यांना पहिल्यांदाच मजा येत होती. आणि मग कळतं की हे सगळं एका पात्राला दिसलेलं संभाव्य भविष्य होतं. झालं काहीच नाही. मुंडकी जागच्या जागी. लढाई हवी म्हणणाऱ्यांना लढाई मिळाली, पुस्तकाप्रमाणे हवं म्हणणाऱ्यांना पुस्तक मिळालं. चार वर्षं जुन्या रुसव्यावर इतका हिशेबी तोडगा लग्नघरातल्या मुरलेल्या मावशीलाच सुचू शकतो.

मोठ्यांची मतंही आली. स्टीफन किंग यांनी २००९ मध्ये एका मुलाखतीत रोलिंगबाईंना लिहिता येतं आणि मेयरबाईंना अजिबात येत नाही, असं सांगून टाकलं. मात्र तरुण मुलींना या पुस्तकांत काय मिळतं हे त्याच मुलाखतीत त्यांनी नेमकं ओळखलं होतं. किंग यांच्या 'सालेम्स लॉट'मधले व्हॅम्पायर खरोखरच भीतिदायक. नारायण धारपांनी त्यावरून मराठीत 'लुचाई' लिहिली. ती वाचलेल्या माणसाला रात्री खिडकीशी आलेला पाहुणा आत घ्यावासा वाटत नाही. मेयरबाईंच्या वाचक मुली मात्र खिडकी मुद्दाम उघडी ठेवून झोपत.

२००८ च्या ऑगस्टातच आणखी एक नाट्य घडलं. पहिलीच गोष्ट एडवर्डच्या तोंडून सांगणारं 'मिडनाइट सन' हे अर्धवट हस्तलिखित फुटलं. मेयरबाई दुखावल्या. त्यांनी ती बारा प्रकरणं स्वतःच लोकांपुढे ठेवली आणि लिहिणं थांबवलं. वाचकांनी बारा वर्षं विनवण्या केल्या. मधे २०१५ मध्ये दहाव्या वर्धापनाला नवं पुस्तक निघालं, तर त्यात नायक मुलगी आणि नायिका मुलगा अशी अदलाबदल करून पहिलीच गोष्ट. हापूसची पेटी मागितली आणि घरी फणसपोळी आली, असं वाचकांचं झालं. अखेर ऑगस्ट २०२० मध्ये, जग घरात कोंडलेलं असताना, 'मिडनाइट सन' आलं. साडेसहाशेच्या वर पानं. म्हणजे मूळ कादंबरीहून दीडेकशे पानांनी जास्त, कारण एडवर्डला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं आणि तो त्यावर विचारही करतो. बारा वर्षं थांबलेल्या, आता तिशीत पोचलेल्या वाचकांचं पहिलं मत आलं: हे सगळं आम्हाला आधीच माहीत होतं.

आणि बाळाविषयी. 'ब्रेकिंग डॉन'मध्ये हे मूल कुठून उपटलं, मालिका लोकप्रिय झाल्यावर बाईंनी मनाला येईल ते घुसडलं, असा वाचकांचा मुख्य आरोप होता. प्रत्यक्षात 'ट्वायलाइट' छापून येण्याआधीच मेयरबाईंनी त्याचा पुढचा भाग लिहून काढला होता, 'फॉरेव्हर डॉन' नावाचा. त्यात नायिकेची शाळा मागे टाकून गोष्ट थेट लग्नावर आणि बाळावर जात होती. पुस्तक किशोरवयीन वाचकांसाठी निघणार असं ठरल्यावर नायिकेला अजून काही काळ शाळेत ठेवणं भाग पडलं आणि 'न्यू मून' व 'एक्लिप्स' मधे लिहावे लागले. म्हणजे बाळ आधीचं. ती चार कोरी पानं आणि जेकबचा वाढीव मुक्काम हे सगळं नंतरचं.

'फॉरेव्हर डॉन' कधी छापलं गेलं नाही. मेयरबाईंनी ते आपल्या थोरल्या बहिणीला वाढदिवसाची भेट म्हणून दिलं. तेव्हा ना कुठली टीम होती, ना टी-शर्ट, ना वाट बघण्यात गेलेलं वर्ष. त्या बहिणीने पुस्तक परत केल्याचं कुठे ऐकिवात नाही.